टेम्पो निघालाय, साहेब

"स्वतःबद्दल दोन मिनिटं बोला," सर म्हणाले आणि त्यांनी टेबलावरची घंटी जवळ ओढली.

मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि सुरुवात केली, "मूळचे आम्ही वाईकडचे." एक मिनिट झालं तेव्हा मी आजोबांच्या कुळकायद्यात गेलेल्या जमिनीपाशी होतो. पुढच्या पाऊण मिनिटात दोन आत्यांची लग्नं लावली, वडिलांना पुण्यात नोकरी मिळवून दिली, बिऱ्हाड चिंचवडच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आणून टाकलं आणि तेवढ्यात घंटी वाजली. माझा जन्म अजून व्हायचा होता.

"काका," सर म्हणाले, "यात तुम्ही कुठे आहात?"

"येतच होतो. तुम्ही घंटी वाजवलीत."

हे सगळं घडत होतं चिंचवड स्टेशनजवळच्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. खाली फरसाणाचं दुकान आणि वर 'कम्युनिकेशन स्किल्स व इंटरव्ह्यू तयारी'चा क्लास. फी साडेसहा हजार, बारा लेक्चरं. बॅचमध्ये आम्ही चौदा जण. तेरा जण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे, चौदावा मी, वय ४७. पहिल्या दिवशी दारातल्या मुलीने मला अडवून अगदी नम्रपणे सांगितलं होतं, "पालकांनी बाहेर बसायचंय." मी पंधरा मिनिटं बाहेर बसलोही. सवय असते माणसाला, सांगितलेलं ऐकायची.

या वयात क्लास लावायची वेळ आली, कारण आमच्या कंपनीने प्लँट दुसऱ्या राज्यात हलवला. यंत्रं ट्रकमधून गेली, माणसं दारातून. मी परचेसमध्ये होतो. भोसरीच्या एमआयडीसीत २२ वर्षं एकाच खुर्चीवर बसून नटबोल्टपासून कास्टिंगपर्यंत सगळं मागवलं. ती नोकरी मला २००३ साली मिळाली, तेव्हाची रीत निराळी होती. पेपरात छोटी जाहिरात आली. तिच्यावर मी स्वतःच्या अक्षरात 'विथ रेफरन्स टू युवर अॅडव्हर्टाइजमेंट' असा अर्ज खरडून पाकिटात घालून पाठवला. मालकांनी बोलावलं. निघताना वडील म्हणाले, "विचारतील तेवढंच बोल. स्वतःची टिमकी वाजवू नकोस." मालकांनी विचारलं, "लग्न झालंय?" मी म्हणालो, "नाही सर." ते म्हणाले, "मग ओव्हरटाइमला हरकत नाही." मी म्हणालो, "नाही सर." झाला इंटरव्ह्यू. एकूण चार शब्द बोललो, त्यातले दोन 'नाही' आणि दोन 'सर'. त्या भांडवलावर २२ वर्षं पगार घेतला.

आता टिमकी हीच पात्रता झाली आहे. नौकरी डॉट कॉम १९९७चं, म्हणजे माझ्या नोकरीहूनही मोठं. लिंक्डइन मात्र २००३ साली सुरू झालं. म्हणजे ते आणि मी एकाच वर्षी कामाला लागलो, फक्त आमची ओळख व्हायला २२ वर्षं गेली. ती करून दिली पुतण्याने. तो आयटीत आहे.

"काका, तू नक्की काय करायचास रे?"

"नटबोल्ट मागवायचो."

"असं नाही लिहायचं," म्हणत त्याने टाइप केलं, "ड्रोव्ह एंड-टू-एंड फास्टनर प्रोक्युअरमेंट अॅक्रॉस मल्टिपल स्टेकहोल्डर्स."

"स्टेकहोल्डर कोण?"

"तुझा दिवसभर कोणाशी संबंध यायचा?"

"स्टोअरकीपर आणि गेटवरचा वॉचमन."

"तेच."

एकदा चार दिवस डोक्याला फडकं बांधून मी स्टोअरमधले बॉक्स मोजले होते, त्याचं 'इन्व्हेंटरी ट्रान्सफॉर्मेशन' झालं. मालकांनी झापल्यावर एका व्हेंडरला जी डिबिट नोट काढली होती, तिचं 'कॉस्ट ऑप्टिमायझेशन' झालं. तयार झालेलं पान मी बायकोला दाखवलं. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "माणूस चांगला वाटतोय हो. आपल्या ओळखीतला आहे का?"

पुतण्याला मी लिओनार्दो द विंचीची गोष्ट सांगितली. १४८२च्या सुमारास त्याने मिलानच्या लुडोविको स्फोर्झाकडे नोकरीसाठी पत्र लिहिलं. त्यात काय, तर मी हलवता येणारे पूल बांधतो, तोफा करतो, चिलखती गाड्या करतो. आणि अगदी शेवटी, जाता जाता, की चित्रंही काढता येतात. मला म्हणायचं होतं की बघ, केवढा मोठा माणूस आणि केवढा विनय. पुतण्या म्हणाला, "विनय कसला! समोरच्याला लढाई करायची होती, म्हणून याने तोफा वर घेतल्या. परफेक्ट सीव्ही आहे." मी गप्प बसलो. पाचशे वर्षांपूर्वीही पुतणे असणार, एवढंच मनात आलं.

त्या लिंक्डइनवर रोज सकाळी चक्कर टाकायची, असं ठरलं. तिथे सगळेच 'हंबल्ड' असतात. कोणाला बढती मिळाली, हंबल्ड. कोणी सर्टिफिकेट मिळवलं, हंबल्ड. एवढी नम्रता मी वारीतही पाहिली नाही. माझ्याबरोबर त्याच दिवशी त्याच दारातून बाहेर पडलेल्या एका सहकाऱ्याने लिहिलं होतं, 'एका सुंदर प्रवासाच्या अखेरीस मनात फक्त कृतज्ञता.' त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर याच प्रवासाबद्दल तो जे बोलला होता, ते मी इथे लिहू शकत नाही. त्यात प्रवासापेक्षा प्रवासाला पाठवणाऱ्याच्या घराण्याचा उल्लेख जास्त होता.

असो. क्लासकडे वळू.

तिसऱ्या लेक्चरला सरांनी फळ्यावर मोठा गोल काढून त्याचे पोळीसारखे तुकडे केले. "संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के! आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५!" मला एकदम हलकं वाटलं. माझं इंग्रजी कच्चं, पण ते कच्चं असून असून किती नुकसान करणार, सातच टक्के. सातातले चार तर मी 'येस सर'वरच मिळवतो. मग वाटलं, की हे सर उरलेली लेक्चरं ज्या इंग्रजीवर घेणार, त्या सात टक्क्यांच्या हिशेबाने फी साडेचारशे रुपयेच व्हायला हवी. परचेसचा माणूस आहे, दर डोक्यात पटकन बसतो. पण बोललो नाही.

घरी येऊन प्रयोग केला. टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या लावल्या. ५५ टक्के तरी कळायला हव्या होत्या. एक माणूस बोटं नाचवत होता, दुसरा मान हलवत होता, खाली सोन्याचा भाव सरकत होता. सोन्याचा भाव तेवढा कळला. आईला मात्र मालिका आवाज बंद असतानाही पूर्ण कळली. पण ती आवाज चालू असतानाही न बघताच कळते, म्हणून तो पुरावा मी बाद केला.

शेवटी पुतण्याने शोधून दिलं. हे आकडे आल्बर्ट मेहराबियन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचे. कॅलिफोर्नियात १९६७ साली केलेल्या दोन छोट्या प्रयोगांतून आलेले. बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, हे ऐकणाऱ्याने कशावरून ओळखलं, एवढाच प्रश्न. आणि ऐकवायचे ते सुटे शब्द. त्यातल्या एका प्रयोगात सगळ्यांना एकच शब्द ऐकवला होता, 'मेबी'. म्हणजे जगातल्या साऱ्या कम्युनिकेशन क्लासांचा डोलारा एका 'कदाचित'वर उभा! खुद्द मेहराबियन सांगत आले की बाबांनो, हे सगळ्या बोलण्याला लागू नाही. पण त्यांचं कोणी ऐकलं नाही. शब्दांतच सांगितलं ना त्यांनी. सात टक्केच पोचलं असेल.

देहबोलीचा गृहपाठ मात्र प्रामाणिकपणे केला. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं. आम्ही लहानपणापासून मोठ्यांशी बोलताना खालच्या फरशीकडे बघत आलेली माणसं. आमच्या शाळेतल्या फरशीवरचे डाग मला आजही पाठ आहेत. सराव म्हणून मंडईत गेलो आणि भाजीवालीच्या डोळ्यांत रोखून बघत विचारलं, "मेथी कशी दिली?"

तिने जुडी खाली ठेवली. "काका, बरं वाटंना का? बसा खाली. ए पोऱ्या, पाणी आण रे काकांना."

मेथी फुकट मिळाली, हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, "इम्पॅक्ट आहे."

यापेक्षा अवघड निघालं ते 'फिलर'चं प्रकरण. टोस्टमास्टर्स म्हणून भाषणकलेची एक संस्था आहे, १९२४ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली. त्यांच्या सभेत एक 'अह-काउंटर' असतो. वक्ता किती वेळा 'अं', 'अह' करतो ते मोजायचं, हे त्याचं काम. आमच्या सरांनी ती कल्पना उचलून एका मुलीच्या हातात वही दिली. मी तीन मिनिटं बोललो आणि ती उठून म्हणाली, "काकांचे 'म्हणजे' एक्केचाळीस, 'काय आहे ना' सोळा, 'ते हे' बावीस."

'ते हे' माझ्याकडून सुटणं शक्यच नव्हतं. आमचा वीस वर्षांचा संसार त्या दोन शब्दांवर उभा आहे. सकाळी बायको स्वयंपाकघरातून ओरडते, "अहो, त्या ह्याच्यावरचं ते हे काढून ह्याच्यात ठेवा ना." मी उठतो, शेगडीवरची दुधाची पातेली काढतो आणि फ्रिजमध्ये ठेवतो. आजवर एकदाही चूक झालेली नाही. एकदाच तिने पूर्ण वाक्य सांगितलं होतं, सगळी नामं घालून, तेव्हा मला वाटलं की ती चिडली आहे. आणि ती चिडलेलीच होती.

"अशा संवादाला काय म्हणतात, सर?" मी विचारलं.

"लग्न," सर म्हणाले. पहिल्यांदाच मला ते आवडले.

'लिसनिंग स्किल्स'च्या लेक्चरला मी हौसेने हात वर केला. इथे माझा अनुभव दांडगा. म्हटलं, सर, २२ वर्षं मी दुसरं काय केलं? कोल्हापूरच्या फाउंड्रीतून आमची कास्टिंग यायची. रोज सकाळी फोन. तिकडून आवाज, "टेम्पो निघालाय, साहेब." आता 'टेम्पो निघालाय' याचा अर्थ टेम्पो निघालाय असा घेणारा माणूस परचेसमध्ये आठ दिवस टिकणार नाही. 'टेम्पो निघालाय' म्हणजे माल तयार नाही. 'टेम्पो कराडच्या पुढे आलाय' म्हणजे माल तयार आहे, टेम्पो मिळालेला नाही. 'ड्रायव्हर फोन उचलत नाही' म्हणजे ड्रायव्हर समोरच बसून चहा पितोय. 'उद्या पक्का' म्हणजे परवा फोन करा. आणि 'शब्द दिला म्हणजे दिला, साहेब' हे कानावर पडलं, की मी रिसीव्हर न ठेवताच दुसऱ्या व्हेंडरचा नंबर शोधायला लागायचो.

पोरं वह्या काढून उतरून घ्यायला लागली. सर घड्याळाकडे बघत म्हणाले, "काका, इंटरेस्टिंग आहे. पण दॅट इज नॉट प्रोफेशनल कम्युनिकेशन."

मग त्यांनी फळ्यावर चार चौकोनांची खिडकी काढली, 'जोहारी विंडो'. जोहारी म्हटल्यावर मी समजलो की रविवार पेठेतला कोणी जवाहिऱ्या असावा, माणसाची पारख शिकवणारा. तसं नव्हतं. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली ती मांडली आणि दोघांच्या नावातला जो आणि हॅरी जोडून जोहारी केलं. आपल्याकडे पोरांची नावं आईवडिलांच्या अक्षरांतून पाडतात, तसंच. एका चौकोनात आपल्याला आणि लोकांना दोघांना ठाऊक असलेलं, एकात फक्त आपल्याला, आणि एक 'आंधळा' चौकोन, आपले असे दोष जे लोकांना दिसतात पण आपल्याला ठाऊक नसतात. "असे दोष समजून घ्यायला वर्षं जातात," सर गंभीर होऊन म्हणाले. मी आईबरोबर राहतो. मला आठवड्याला समजतात.

त्यावरून गाडी आली त्या प्रसिद्ध प्रश्नावर. इंटरव्ह्यूत विचारतात, तुमचा वीकनेस काय? खरं बोललात तर नोकरी जाते, वीकनेस नाही म्हणालात तर गर्विष्ठ ठरता. तेव्हा असा दोष सांगायचा जो उलटा धरला की गुण निघेल. सरांनी तयार उत्तर दिलं, 'आय अॅम अ परफेक्शनिस्ट.' दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी म्हणून दाखवलं. चौदाच्या चौदा जण परफेक्शनिस्ट निघाले. त्यातल्या चौघांना तो शब्द नीट म्हणता येत नव्हता आणि एकाच्या शर्टाची बटणं एक घर चुकली होती.

ग्रुप डिस्कशनबद्दल फार सांगत नाही. आठ जण गोल बसले, विषय दिला आणि आठही जण एकदम बोलायला लागले. मी माझी पाळी येण्याची वाट पाहिली. ती आली नाही. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवरून बायको कशी बोलते ते मला आठवलं. नोकरी खरं तर तिने शोधायला हवी होती.

पहिला खरा इंटरव्ह्यू आला तो व्हिडिओवर. कंपनी बंगळुरूची, माणूस पुण्याच्या ऑफिसला हवा होता. सरांनी बजावलं होतं, पाठीमागे कोरी भिंत पाहिजे. आमच्या घरात त्यातल्या त्यात कोरी भिंत एकच, आईच्या खोलीतली, आणि तिच्यावर वडिलांचा हार घातलेला फोटो. तो उतरवून मी कपाटावर ठेवला.

"ह्यांना कुठे ठेवलंस?" आईने विचारलं.

"कपाटावर. अर्धाच तास."

"त्यांना उंचावर गरगरायचं," ती म्हणाली आणि जपमाळ घेऊन कॉटवर बसली. अकरा वाजता तिचा जप असतो आणि खोली तिची आहे. "तू बोल तुझं. मी काही ऐकत नाही."

हे अर्धं खरं होतं. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. कॉटवर ती उजवा कान माझ्याकडे करून बसली होती.

पडद्यावर एक तरुण मॅडम आल्या. मी माझी ओळख सुरू केली आणि, सांगायला अभिमान वाटतो, वाई नाही, आत्या नाहीत, कुळकायदा नाही. एक मिनिट पन्नास सेकंदांत मी जन्मून, शिकून, २२ वर्षं नोकरी करून मोकळा झालो. 'म्हणजे' फक्त तीन. मॅडम खूश दिसल्या. मग त्यांनी विचारलं, "सो, व्हॉट इज युवर बिगेस्ट वीकनेस?"

मी श्वास घेतला, कॅमेऱ्याच्या डोळ्यात डोळा घातला आणि म्हणालो, "आय अॅम अ परफे..."

"वीकनेस?" कॉटवरून आवाज आला. माळ थांबली होती. "वीकनेस आता नाही म्हणावं. मागच्या वर्षी बी-ट्वेल्व कमी आलं होतं. पाच इंजेक्शनं घेतली. आता खातो-पितो व्यवस्थित."

म्यूटचं बटण मला सापडेना. ते सापडेपर्यंत आईने हिमोग्लोबिनचा आकडाही सांगून टाकला होता, आणि सापडल्यावर मी चुकून कॅमेरा बंद केला. आता मॅडमना मी दिसत नव्हतो, आई मात्र ऐकू येत होती.

"आजी आहेत का?" पलीकडून चक्क मराठी आलं. "दाखवा ना."

मॅडम सांगलीच्या निघाल्या. मी कॅमेरा चालू करून लॅपटॉप वळवला आणि स्वतः माझ्याच इंटरव्ह्यूच्या बाहेर जाऊन उभा राहिलो. पुढची अठरा मिनिटं एकही फिलर न वापरता मुलाखत चालली, पण घेत कोण होतं आणि देत कोण होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. आई चाळीस वर्षांपूर्वीची प्राथमिक शाळेतली बाई. "उतरलेली दिसतेस. जेवतेस का वेळेवर? घरी कोण असतं तुझ्या? केस गळतात? रात्री जागतेस, मग गळणारच." मॅडमनी वेगळ्या कागदावर काहीतरी लिहून घेतलं. तो माझ्या मुलाखतीचा कागद नव्हता, कारण त्यात खोबरेल तेल आणि मेथीदाणे होते.

"आणि आजी, हे कसे आहेत हो कामाला?" मॅडमनी हळूच विचारलं.

"स्वभावाने गरीब आहे," आई म्हणाली. "सांगितलेलं करतो. पण ओला टॉवेल पलंगावर टाकतो. आणि कोणाला नाही म्हणता येत नाही त्याला. शेजारी शिडी घेऊन गेलाय, वर्ष झालं."

जोहारीची खिडकी आईने सताड उघडली आणि पडदेसुद्धा काढून धुवायला टाकले.

दोन दिवसांनी मेल आला. 'वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू' वगैरे. खाली एक ओळ जास्तीची होती, आजींना नमस्कार सांगा.

"पोरगी गुणी आहे हो," आई म्हणाली. "मग तुला का नाही घेतलं?"

"तुझ्यामुळे."

"मग मला घ्यायचं होतं," ती म्हणाली आणि माळ पुढे ओढली. वडील मात्र अजून कपाटावरच होते. शिडी शेजाऱ्याकडे होती आणि खुर्चीवर चढून उतरवताना मलाच गरगरलं.

त्यानंतर सहा इंटरव्ह्यू झाले. एकीकडे विचारलं, 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?' मी हिशेब करून 'बावन्न' म्हणालो. दुसरीकडे सगळं जमलं होतं, पण निघताना न राहवून मी त्या साहेबांना विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" ते म्हणाले की आमच्याकडे असे प्रश्न उमेदवाराने विचारायचे नसतात. तिसऱ्या ठिकाणी मी फोन उचलायच्या आतच कट झाला आणि 'कँडिडेट नॉट रिस्पॉन्सिव्ह' असा मेल आला. क्लासची बारा लेक्चरंही संपली. सर्टिफिकेटवर माझ्या नावापुढे 'कु.' छापून आलं होतं.

पुढचा इंटरव्ह्यू चाकणला. पत्र्याची शेड, बाहेर दोन कुत्री, आत मालकांची केबिन. बाहेर सगळे त्यांना शेठ म्हणत होते. एचआर नव्हतंच. शेठनी माझा सीव्ही हातात घेतला, 'फास्टनर प्रोक्युअरमेंट'पर्यंत वाचला, पाठकोरा आहे का बघितला आणि त्याच्यावर चहाचा कप ठेवला.

"कुठले तुम्ही?"

माझ्या घशात काहीतरी दाटून आलं. हा प्रश्न ऐकायला मी किती महिने तडफडत होतो! "मूळचे आम्ही वाईकडचे," मी म्हणालो. पहिली आत्या मांडवात उभी राहते न राहते तोच त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"काय झालं कास्टिंगचं? लाइन थांबलीय माझी."

"टेम्पो निघालाय, शेठ!"

तो आवाज ओळखीचा नव्हता, पण तो सूर! डोळे मिटूनही ओळखला असता. माझी मान आपोआप डावीकडून उजवीकडे हलली. शेठनी ते पाहिलं.

"कुठपर्यंत आलाय?"

"साताऱ्याच्या पुढे आला असेल बघा आता. ड्रायव्हर फोन उचलत नाही."

शेठनी फोनवर हात ठेवला. "काय?"

"फास्टॅगचा मेसेज विचारा," मी हळूच म्हणालो. "शेवटचे पैसे कुठे कापले? किणी, तासवडे की आनेवाडी?"

शेठनी जसंच्या तसं विचारलं. पलीकडे शांतता पसरली. ५५ टक्के देहबोली दिसत नव्हती आणि ३८ टक्के आवाज बंद पडला होता, तरी सगळं स्वच्छ कळलं.

"शेठ," शेवटी आवाज आला, "खोटं कशाला बोलू? माल तयार नाही, फेटलिंग चालू आहे अजून."

शेठनी फोन ठेवला, सीव्हीवरचा कप उचलून चहाचा शेवटचा घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात 'परफेक्शनिस्ट' तीनदा घोकून तयार होतो.

"सोमवारपासून या," ते म्हणाले.

"पगाराचं, शेठ..."

"अहो, तुमचं लेटर काढायलाच सांगतोय. निघालंच समजा. शब्द दिला म्हणजे दिला."

बाहेर आलो. कुत्री एव्हाना ओळख देऊन शेपूट हलवत होती. मी घरी फोन लावला.

"झालं का काम?" बायकोने विचारलं. "लेटर मिळालं?"

"निघालंय," मी म्हणालो.

ती दोन क्षण गप्प राहिली.

"बरं," ती म्हणाली, "मग ती तळेगावची कंपनी म्हणत होतात ना, तिथेही आजच अर्ज टाकून ठेवा."